दाताचा जीव

तुळशीला पाणी घालायला राहीवहिनींनी मागचं दार उघडलं आणि हातातला तांब्या निसटता निसटता राहिला. पायरीवर पळसाचं पान अंथरलेलं होतं आणि पानावर कोंबड्याचं मुंडकं. तुरा लालभडक, चोच अर्धवट उघडी, एका डोळ्यावर पांढुरकी कातडी ओढलेली. मानेच्या तुटल्या टोकाला रक्त खरवसासारखं थिजलेलं आणि त्यावर दोन हिरव्या माश्या. ओला, ओशट वास नाकात शिरला. नुकती आंघोळ झालेली, धूतवस्त्र नेसलेलं, पोटात अजून पाण्याचा थेंब नाही. पदर तोंडावर दाबून त्या मागे सरल्या.

“वयनी, भ्यायला काय नाय,” न्हाणीच्या दगडापाशी उकिडवी बसलेली बाई म्हणाली. “डाक्टरांचा मान हाय तो.”

कुडपणची येसूबाई. शेजारी तिची लेक ठकी, तेराचौदा वर्षांची, पायांवर पाटाचं पाणी ओतून घेत होती. दोघी अंधारातच डोंगर उतरून पोलादपुरात आल्या होत्या आणि पहिल्या एसटीनं महाडला. वहिनींच्या यजमानांचा दाताचा दवाखाना घराच्या पुढच्या अंगाला, बाजारपेठेच्या रस्त्यावर. पण डोंगरातल्या बायका पुढून यायला लाजत. त्या मागून यायच्या, वहिनींना हाक मारायच्या, आणि वहिनी त्यांना आतल्या दारानं दाताच्या खुर्चीपर्यंत न्यायच्या.

“मान कसला गो? कुठला कोंबडा?”

“वाघजाईला दिला आज पहाटं. मुंडकं मानकऱ्याचं असतंय ना? म्हटलं, ह्या वक्ताला मानकरी डाक्टरच. गुरव रुसला, तर रुसू दे.”

“पण कशासाठी दिलास?”

“आता गो बाय!” येसूबाईनं कपाळावर हात मारला. “तुमीच नाय का सांगलं? दाताचा जीव काढायचा म्हून?”

वहिनींना आठवलं. श्रावणाच्या आधी ठकीला पहिल्यांदा खुर्चीत बसवलं तेव्हा येसूबाई तिचा हात सोडीना. डॉक्टरांनी आतून हाक मारली होती, “अगं, जरा समजाव हिला.” त्या गेल्या. पोरीच्या वरच्या दोन दाढांना, एक डावीकडची, एक उजवीकडची, आतून कीड लागली आहे, असं डॉक्टर म्हणाले. दाताच्या पोटात तांबडा मऊ गर असतो; त्याचा वरचा थोडा भाग काढायचा, उरलेल्यावर औषध ठेवायचं आणि वरून बुजवायचं. हे येसूबाईला कसं सांगावं? वहिनींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपल्या नेहमीच्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “दाताला जीव असतो बघ, येसूबाई. त्यातला थोडा काढतात आणि बाकीचा राखतात.” येसूबाईनं लगेच हात सोडला होता. त्या दिवशी जेवताना डॉक्टर खुशीत होते. “तुझ्या आवाजात भूल आहे,” म्हणाले. “मला सुई कमी लागते.” त्यानंतर वहिनींनी तेच वाक्य डोंगरातून येणाऱ्या इतर बायकांनाही सांगितलं होतं.

“थोडा जीव काढला,” येसूबाई आता सांगत होती, “तर जीवाच्या बदली जीव नको द्यायला? नायतर राहिलेला बी जायचा. मी देवीला बोलले, पोरीच्या दातात उरलाय तेवढा राख, तुला तांबडा कोंबडा देईन. राखला गो तिनं! एक डाव ठणकला नाय. सांग ना गो ठके, वाचा बसली काय?”

“भाजलेलं कुळीथ खाते,” ठकी म्हणाली. “दोन्ही बाजूंनी. आनि आय कोंबडा देताना रडत व्हती.”

“गप! रडत व्हती म्हनं. धूर गेला डोळ्यात.”

“चूल पेटायच्या आधीच गेला काय धूर?”

येसूबाईनं तिला चापट मारली, पण हसत. वहिनींनाही हसू आलं असतं. पण माश्या दोनाच्या सहा झाल्या होत्या आणि पानावरून एक पातळ तांबूस ओघळ तुळशीकडे निघाला होता. “बसा, डॉक्टरांना सांगते,” असं म्हणून त्या आत वळल्या. जीवहत्या, ती आपल्या शब्दावरून, आणि तिचा वाटा आपल्याच उंबऱ्यावर. परत आंघोळ करावी लागणार, असं त्यांच्या मनात आलं.

डॉक्टर दत्ताराम शेट्ये दवाखान्यात चिमटे मांडत होते. पांढऱ्या फडक्यावर एकाशेजारी एक, लहानमोठे, लखलखीत. तोंडानं काहीतरी गुणगुणणं चाललं होतं.

“कुडपणची पोर आली का? बरं झालं. आज तिच्या दोन्ही दाढा काढून टाकू, म्हणजे दुपारच्या गाडीनं जाईल परत.”

वहिनींना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. “अहो, दुखत नाही तिला. बरी आहे ती. कुळीथ खाते म्हणाली.”

“हो का?” डॉक्टरांचे डोळे चमकले. “दोन्ही बाजूंनी? उत्तम! म्हणजे दोन्हीतला गर जिवंत असणार.”

“मग काढायच्या कशाला?”

“आत काय झालंय ते बघायला.” कुणीतरी विचारावं याची जणू ते वाटच पाहत होते. स्टूल ओढून ते बसले. “हे बघ. गराचा वरचा तुकडा काढला की खाली जखम उघडी पडते. तिच्यावर काय ठेवलं तर ती नीट भरते? दात आतून स्वतःचं झाकण तयार करतो, हाडासारखं कडक. कुठल्या औषधाखाली ते झाकण चांगलं धरतं, हे मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना पाहायचंय. मी एका बाजूला चुना ठेवला, एका बाजूला लवंगेचं तेल आणि जस्ताची पांढरी भुकटी. पण बाहेरून काय कळणार? दात काढायचा, त्याचे कागदासारखे पातळ काप करायचे आणि भिंगाखाली बघायचं.”

“कीड लागली होती ना?”

“कीड कसली! किडक्या दातावर असली चाचणी करून काय उपयोग? धडधाकट दात हवा. आधी निरोगी, मग आपण आपल्या हातानं जखम करायची, म्हणजे हिशेब चोख राहतो. म्हणून तर डोंगरातली पोरं. नाचणीवर वाढलेली, साखर माहीत नाही. असे दात महाडात शोधून मिळायचे नाहीत तुला.”

ते उठले, काचेच्या कपाटातून एक रुंद तोंडाची बाटली काढून त्यांनी उजेडात धरली. पाण्यासारख्या औषधात दात होते. मुळांसकट, लांबच लांब, पिवळसर. तोंडात दिसतो तेवढाच दात असतो, असं वहिनींना आजवर वाटायचं. एकाच्या मुळाला गुलाबी लक्तर चिकटलं होतं आणि बाटली हलली तसं ते पाण्यातल्या शेवाळासारखं हललं. प्रत्येकाला दोऱ्यानं कागदाची चिठ्ठी बांधलेली. चुना. लवंग. चुना.

“ही सुंदराबाईच्या पोरीची जोडी. हा कुशाबाच्या नातीचा. अजून तिघीचौघी पुढच्या आठवड्यात.” मग एकदम काहीतरी सुचून ते हसले. “खरं म्हणजे तुझ्या देवीच्या विड्यातलंच सामान गं! चुना आणि लवंग. फक्त जरा शुद्ध केलेलं.”

बाटलीतून एक बोचरा वास सुटला होता. डोळ्यांत पाणी आलं. वहिनींनी त्यांच्या हातांकडे पाहिलं. गोरे, स्वच्छ, नखं कापलेले, साबणाचा वास येणारे हात. याच हातांनी खोटी कीड दाखवली, चांगल्या दातात भोक पाडलं, आणि मग याच हातांनी भाताची मूद फोडून, “तूप वाढ,” म्हणून ताट पुढे केलं. आपण वाढलं. त्या विचारासरशी अंगावर अशी शिसारी आली, की मागच्या पायरीवरचं मुंडकं परवडलं म्हणायची पाळी आली.

“तिच्या आईला काय सांगणार?”

“तू सांगशील की. उरलेला जीवही गेला म्हणावं, आता काढावे लागतील. तुझं ते वाक्य फार छान आहे.”

वहिनी पाठ फिरवून निघाल्या. त्या देवघरात आल्या. जगदंबेच्या तसबिरीपुढे रोज विडा ठेवायचा आणि मगच पाणी प्यायचं, हा त्यांचा लग्नाआधीपासूनचा नेम. तापात चुकला नव्हता, सासूबाई गेल्या तेव्हा सुतकात त्यांनी शेजारच्या मुलीकडून ठेवून घेतला होता. त्यांनी पान पुसलं, शिरा काढल्या, चुन्याची डबी उघडली. बोटाला चुना लागला, थंड, चिकट. आणि त्याबरोबर ते गुलाबी लक्तर डोळ्यांसमोर हललं. लवंगेला हात घालण्याआधीच उमासा आला. देवघरात! त्या तशाच धावत न्हाणीत गेल्या. पोटात काही नव्हतंच; नुसतं कडू पाणी पडलं. चूळ भरावी तर पाणी तोंडात घेववेना. जीभ टाळूला लागली की वाटे, तोंडात कुणाचे तरी दात आहेत.

बऱ्याच वेळानं त्यांनी चेहरा पुसला आणि मागच्या दाराशी जाऊन पायरीवर बसल्या. मुंडक्याच्या शेजारीच. येसूबाई आ वासून बघत राहिली.

“वयनी, सोवळ्यात हायसा ना?”

“येसूबाई, ऐक. ठकीच्या दाढांना कीड नव्हतीच.”

वहिनींनी आवाज चढवला नाही. त्यांना तो चढवता येतच नसे. सगळं एका सुरात सांगितलं. चुना, लवंग, बाटली, आणि आज काय व्हायचं आहे ते. ठकीचा हात नकळत गालावर गेला. येसूबाईनं तो बाजूला करून तिचं तोंड उघडून आत पाहिलं.

“कीड नव्हती?”

“नव्हती.”

“म्हंजे डाक्टर खोटं बोलला.”

“हो.”

“आनि तुमी?”

“मला ठाऊक नव्हतं. पण बोलले मीच.”

येसूबाई उठली. तिनं पळसाचं पान चारी कडांनी उचललं, मुंडक्यासकट, आणि कुंपणापलीकडे भिरकावून दिलं. पलीकडे कावळ्यांची झुंबड उडाली.

“मान देत व्हते मी त्याला!” तिचा आवाज आता पुढच्या बाकड्यापर्यंत जात होता. “माझ्या पोरीच्या तोंडाचं वावर केलं गो ह्यानं! ह्या बांधाला एक पेर, त्या बांधाला दुसरं पेर, बघू कुठलं धरतंय, आनि मग मुळासकट उपट! माझा तांबडा फुकट मेला. थू!” ती खरोखरच थुंकली, दवाखान्याच्या भिंतीवर. “चल गो ठके. उठ.”

“थांब,” वहिनी म्हणाल्या. “तिच्या दाढा वरून कच्च्या बुजवल्यात. दोनतीन महिनेच टिकतं ते, मग झडून जाईल. भोक उघडं पडलं की खरोखरच सडतील. वर चांदी भरायला हवी.”

“मंग भरू कुठंतरी.”

“कुठे? पनवेलच्या अलीकडे दुसरा दाताचा डॉक्टर नाही.”

“ह्याच्या हातचं?” येसूबाईचा चेहरा आंबट ताक तोंडात गेल्यासारखा झाला. “ती बोटं परत पोरीच्या तोंडात? त्यापरीस कुजले तरी चालंल.”

“तुला चालंल,” ठकी म्हणाली. ती उठली नव्हती. “दात माझे हायत, आये. तुझा कोंबडा तर गेला, आता दात बी घालवू काय? मी भरून घेते. डोळं मिटून बसेन.”

येसूबाईनं लेकीकडे पाहिलं, मग वहिनींकडे. “तुमी उभ्या ऱ्हाल?”

“राहीन.”

डॉक्टरांनी आरडाओरडा ऐकला होता. वहिनी आत आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी होती, पण चिमटे तसेच मांडलेले.

“काय सांगून बसलीस तू?”

“जे खरं होतं ते. आता त्या दाढा चांदीनं भरून द्या.”

“वेड लागलंय का? दोन महिने वाट बघतोय मी त्या जोडीची! एकाच तोंडातला चुना आणि लवंग, दोन्ही न दुखता. अशी जोडी परत मिळायची नाही. माझं नाव छापून येणार आहे त्यात, राही.”

“भरून द्या.”

ते जवळ आले, आवाज खाली आणला. भाजीवाल्याशी करावी तशी घासाघीस त्यांच्या तोंडावर दिसू लागली. “बरं, असं करू. एक भरतो. एकच काढतो, लवंगेचा. काढावाच लागेल असं तू म्हण. तिला काय कळतंय? एका दाढेनं काय अडतं पोरीचं?”

वहिनींना त्या क्षणी जे वाटलं त्याला राग म्हणता येणार नाही. पावसाळ्यात मडक्यात हात घालावा आणि तळाशी काहीतरी मऊ, मेलेलं लागावं, तसं झालं. वीस वर्षं या माणसाची उष्टी पानं आपण काढली.

“बाहेर बाकड्यावर पाच बायका बसल्यात,” त्या म्हणाल्या. “मी ओरडणार नाही. तुम्हाला माहीत आहे, मला येत नाही. मी प्रत्येकीच्या शेजारी जाऊन बसेन आणि हळूच सांगेन. आज बाहेरच्या बाकड्यावर, उद्या पोलादपूरच्या बाजारात. माझ्या आवाजात भूल आहे, तुम्हीच म्हणालात.”

 डॉक्टरांनी मांडलेले चिमटे एकेक करून फडक्यात गुंडाळले.

ठकी खुर्चीत बसली, डोळे गच्च मिटून. वहिनी तिच्या डोक्यामागे उभ्या राहिल्या, दोन्ही तळहात पोरीच्या गालांवर. येसूबाई दारात, हाताची घडी घालून, थुंकायच्या तयारीत. डॉक्टरांनी चांदीची भुकटी आणि पारा खलात घोटला, फडक्यातून पिळला, जादाचा पारा टपटप वाटीत पडला. मग ते वाकले. कच्चं भरण कोरून निघू लागलं तशी लाळ साठली, तीत पांढरे कण तरंगायला लागले, आणि खोलीत लवंगेचा उग्र भपकारा भरला.  वहिनींनी दात दातांवर दाबले. सगळ्यांत वाईट म्हणजे काम सुंदर चाललं होतं. त्या औषधाच्या थराला धक्का न लावता वरचं तेवढं काढणं, चांदी कणाकणानं दाबणं, कडा घासून गुळगुळीत करणं, सगळं इतक्या हळुवार हातानं, की पोरीच्या भुवईलाही आठी पडली नाही. एवढी माया या हातांत होती तर! वहिनींनी तोंड फिरवलं आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत राहिल्या.

“चाव,” डॉक्टर म्हणाले. “उंच लागतंय?”

“नाय.”

“आज कडक काही खाऊ नको.”

एवढंच बोलणं झालं. ठकी उतरली, जिभेनं दोन्ही बाजू चाचपल्या आणि आईच्या पदराआड गेली. डॉक्टरांनी नेहमीसारखे हात धुतले, कोपरापर्यंत, साबणाचा फेस काढून.

“झालं तुझ्या मनासारखं? आता बाकीच्यांचं काय ते संध्याकाळी बोलू. पान वाढ, मी येतो.”

“डाळभात झाकून ठेवलाय,” वहिनी म्हणाल्या. “वाढून घ्या.”

मागच्या अंगणात येसूबाई निघायच्या बेतात होती. वहिनींना वाटलं, ती काहीतरी म्हणेल. बरं झालं वयनी, देव तुमचं भलं करो, असलं काहीतरी. येसूबाई म्हणाली, “सुंदराबाईच्या पोरीचे दोन त्या बाटलीत हायत म्हनालात. तिला काय सांगू?”

वहिनींनी कुंपणापलीकडच्या कावळ्यांकडे पाहिलं.

“आनि ज्या पुढल्या आठवड्यात यायच्या हायत, त्यांना कोन सांगणार? मी? मी सांगितलं तर म्हनतील, येशीच्या पोरीचं झालं चांगलं, आता दुसऱ्यांना अडवतेय. तुमी चला. तुमच्याच तोंडानं कळलं व्हतं सगळ्यांना, तुमच्याच तोंडानं कळू दे.”

“आत्ता?”

“मंग काय मुहूर्त बघायचा? दगडबिगड कोन मारणार नाय. ऐकून घेतील. ऐकताना तुमच्या तोंडाकडं बघतील, तेवढं सोसा.”

वहिनींनी धूतवस्त्र सोडून साधं लुगडं नेसलं. विडा देवघरात अर्धाच राहिला होता. तसबिरीला नमस्कार करायला त्या वाकल्या, पण तोंडातून स्तोत्र उमटेना. नुसतेच हात जोडून बाहेर पडल्या.

एसटी भरलेली होती. तिघींच्या बाकावर खिडकीशी ठकी, तिच्या शेजारी येसूबाई. कडेची जागा मोकळी होती. वहिनी तिथवर पोचल्या तशी येसूबाईनं आपलं गाठोडं मांडीवरून उचललं आणि त्या जागेवर ठेवलं.

“बाई, गाठोडं खाली घ्या की,” कंडक्टर म्हणाला. “बसू द्या यांना.”

“त्याचं बी तिकीट फाडा,” येसूबाई म्हणाली.

मागून कुणीतरी हसलं. “असू दे हो, मी उभी राहते,” वहिनी हळूच म्हणाल्या. त्यांनी वरची दांडी धरली. तोंड कोरडं पडलं होतं. सकाळपासून पाणी नव्हतं. गाडी हलली, गावाबाहेर पडली आणि वळणं घेऊ लागली. प्रत्येक वळणाला वहिनींचा पदर येसूबाईच्या खांद्याला लागत होता, आणि प्रत्येक वेळी येसूबाई खांदा आत ओढून घेत होती, काहीतरी ओलं, घाण अंगाला लागावं तसा.

पोलादपूर येईपर्यंत गाठोडं तिथंच होतं.